न मावळणारा सोमवार

"दक्षिणेला मी येणार नाही म्हणजे नाही! यमाची दिशा आहे ती. आपण तिकडे पाय करून झोपत पण नाही, अन् तू बोटीत बसून तिकडेच जाऊ राहिली!"

एवढं बोलून विनायकरावांनी बशीतला चहा एका घोटात संपवला. शोभाताई मात्र शनिवारपासून एका जागी बसल्याच नव्हत्या. स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात, अंगणातून परत गॅसपाशी, आणि हातात ते गुळगुळीत रंगीत पत्रक. पत्रकावर पेंग्विन. पेंग्विनांना पण चक्कर आली असेल.

"अहो, यम काय धक्क्यावर पाटी घेऊन उभा राहणार आहे? पेंग्विन आहेत तिथं."

"उत्तरेला अस्वलं आहेत."

"अस्वलं माणसं खातात!"

"पेंग्विन तरी काय ओवाळणार आहेत का मला?"

झालं होतं असं, की त्यांची उषा नॉर्वेत नोकरीला होती आणि आईबाबांना एकदा तरी बर्फात न्यायचं तिच्या मनानं घेतलं होतं. दोन बोटी होत्या. एक ऑगस्टात उत्तर ध्रुवाकडे, दुसरी डिसेंबरात दक्षिणेला, अंटार्क्टिकाला. जी बोट तुम्हाला आवडेल ती, फक्त सोमवारी पाचच्या फोनवर सांगा, कारण खोल्या संपत आल्यात, असं तिनं बजावलं होतं. आणि आता सोमवार उजाडला होता. जूनचा, पाऊस न पडलेला, बुऱ्हाणपूरचा सोमवार. सकाळी आठलाच अंगणातली फरशी पायाला चटके देत होती.

शोभाताई शाळेत भूगोल शिकवायच्या. सगळी नोकरी त्यांनी फळ्यावर जगाचा नकाशा काढला आणि दरवेळी अंटार्क्टिका शेवटी यायचा. खाली जागा उरली तर काढायचा, नाहीतर एक वेडीवाकडी रेघ मारून "समजून घ्या" म्हणायचं. आता त्यांना तो समजून घ्यायचा नव्हता, बघायचा होता. उत्तर ध्रुवाला जमीनच नाही, नुसता गोठलेला समुद्र! पाय कशावर ठेवायचा? पण हे नवऱ्याला पटवायचं कसं? एकदम त्यांना आठवलं.

"ऑगस्टात श्रावण येतो. तुमच्या सोमवारांचं काय?"

"मंग? बोटीवर करीन."

"करायचं ठीक आहे. सोडणार कधी? सूर्य मावळल्यावर दिवा लावून जेवता ना तुम्ही? तिथं त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही."

विनायकराव मोठ्यानं हसले. तहसील कचेरीत जन्म गेल्यामुळे छापील गोष्टीवर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. "अशा जाहिराती लै पाहिल्या. मावळत नाही म्हणजे उशिरा मावळत असेल. नऊला. चला, दहाला. एवढं तर मी हसत काढीन!"

शोभाताईंनी पृथ्वीचा कललेला आस समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि मग मिटलं. "काढाल?"

"काढाल म्हणजे? आज सोमवारच आहे. आजच ट्रायल देतो!"

आणि खरंच, विनायकराव तरातरा अंगणात गेले, तुळशीपाशी उभे राहिले, ओंजळीत पाणी घेतलं आणि खणखणीत आवाजात संकल्प सोडला, की जिथं सहलीला जायचं तिथला सूर्य मावळेपर्यंत अन्न घेणार नाही, फळ घेणार नाही. शोभाताई दारात उभ्या राहून गालातल्या गालात हसत होत्या. त्यांचा हिशेब सोपा होता. दुपारपर्यंत भूक लागेल, भूक लागली की दक्षिण.

या हिशेबात कोकिळाबाई धरलेल्या नव्हत्या.

कोकिळाबाई शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. त्यांच्या सुनेच्या मोबाइलवर नुकतंच इंटरनेट आलं होतं आणि त्या घरात तेव्हा कढीत मीठ किती घालायचं हेसुद्धा त्याच्यावर बघत. थोड्याच वेळात त्या कठड्यावरून ओणव्या झाल्या.

"भाऊजी! अहो भाऊजी! सून सांगू राहिली, तुमची बोट जाते तिकडचा सूर्य डायरेक्ट ऑगस्ट संपता संपता मावळतो म्हणे! तवर तुम्ही जेवणार नाही?"

विनायकरावांनी शोभाताईंकडे पाहिलं. शोभाताईंनी आभाळाकडे पाहिलं.

"तू मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. तुम्ही जाहिरात म्हणालात."

"मंग आता काय करू?"

"काय करायचंय? चूक झाली म्हणा, पोहे टाकते."

पोहे भिजलेसुद्धा. पण तोवर कोकिळाबाईंनी ते भजनी मंडळाच्या कौतिकभाऊंना सांगितलं होतं, आणि कौतिकभाऊंना एखादी गोष्ट सांगणं म्हणजे ती लाउडस्पीकरला सांगणं. दार ढकलून ते आत आले ते थेट विनायकरावांच्या पायावरच.

"काका! क्या बात है, काका! ऑगस्टपर्यंत निर्जळी!"

"निर्जळी नाही रे बाबा, पाणी चालतं," विनायकराव घाबरून म्हणाले.

"ऐका रे! काकांचं पाणी चालतं!" कौतिकभाऊंनी मागे वळून ओरडून सांगितलं. मागे पंधरा-वीस माणसं होती. त्यांनी "वा!" केलं. चहाचं विचारायची मग विनायकरावांची हिंमतच झाली नाही.

अकरापर्यंत अंगणात सतरंजी आली, पेटी आली, टाळ आले. दापोऱ्याहून कुणीतरी केळीचे दोन घड आणून विनायकरावांच्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना टेकवले. द्वारपालच जणू! एका आजीबाईंनी विनायकरावांचा हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवून घेतला आणि लगेच बरं वाटलं असं जाहीर केलं. आयुष्यभर तहसील कचेरीत लोकांनी विनायकरावांच्या टेबलासमोर नुसत्या शिव्या पुटपुटल्या होत्या. आता हार पडत होते. चेहऱ्यावर हळूहळू एक तेज चढायला लागलं. ते उन्हाचंही असेल.

शोभाताईंनी हाराआडून त्यांच्या कानात सांगितलं, "अहो, उठा आता. पोहे गार होऊ राहिले."

"उठू कसा? लोक काय म्हणतील?"

"लोक जेवून आलेत!"

"शोभा," विनायकराव डोळे अर्धवट मिटून म्हणाले, "सगळंच काही पोटासाठी नसतं."

हे वाक्य मात्र दोनपर्यंतच टिकलं. कारण दोनला बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी आली. काळीभोर, गरम, पाकात डुंबणारी, मोठं पातेलंभर! आणि कौतिकभाऊंचा आग्रह असा की प्रसाद काकांच्याच हातानं वाटायचा. विनायकराव एकेक जिलेबी उचलत होते, दुसऱ्याच्या हातावर ठेवत होते आणि तिच्याकडे लेकीला सासरी धाडावं तसं बघत होते. गंमत बघा, एरवी श्रावणात संध्याकाळपर्यंत त्यांना काही होत नसे. पण आज पुढचं जेवण ऑगस्टच्या शेवटाला आहे हे कळल्यापासून त्यांच्या पोटात सकाळी साडेआठपासूनच दुष्काळ पडला होता. पाकानं भरलेली बोटं त्यांनी तोंडाजवळ नेली. आजीबाई टक लावून बघत होत्या. त्यांनी ती बोटं कपाळाला लावली. लोकांनी जयजयकार केला.

तिकडे शोभाताईंच्या फेऱ्या वाढल्या होत्या. घड्याळ, अंगण, गॅस, घड्याळ. आणि चारच्या सुमाराला त्यांनी जे ऐकलं त्यानं त्यांचे पाय पहिल्यांदाच थांबले.

"मंडप इथंच टाकू," कौतिकभाऊ हातवारे करत सांगत होते. "ऑगस्टपर्यंत पक्का. पारणं झाल्यावर वर्षभर काकांची प्रवचनं. असा माणूस गावात पाहिजे! आता काका कुठं जायचे नाहीत."

"बरोबर आहे," विनायकराव क्षीण आवाजात म्हणाले. नाही म्हणायलासुद्धा ताकद लागते.

कुठं जायचे नाहीत! शोभाताईंना एकदम फळ्याच्या तळाची ती वेडीवाकडी रेघ दिसली. ज्या नवऱ्याला दक्षिणेला न्यायला त्या हसत दारात उभ्या राहिल्या होत्या, तो आता अंगणाबाहेरसुद्धा यायचा नव्हता.

पाचला फोन वाजला.

"आई, ठरलं का? दोन्ही बोटींत एकेकच खोली राहिलीय. आणि मागे टाळ कसले वाजतायत?"

"तुझे बाबा संत झालेत."

"काय?"

"थांब. ठेवू नकोस."

मोबाइल हातात धरून शोभाताई अंगणात आल्या आणि त्यांनी तो आवाज काढला, जो ऐकून एके काळी मधल्या सुट्टीतलं अख्खं मैदान गप्प होत असे. "शांत बसा सगळे!" पेटी थांबली. कौतिकभाऊंनी हाताची घडी घातली.

"संकल्प सहलीच्या ठिकाणाचा होता. ठिकाण अजून ठरलेलं नाही, आत्ता ठरवायचंय. उषा फोनवर आहे." त्या नवऱ्याकडे वळल्या. "उत्तर म्हणाल, तर जेवण ऑगस्टच्या शेवटी. दक्षिण म्हणाल, तर तिथला सूर्य मार्चमध्येच मावळलाय. आत्ता तिथं काळाकुट्ट अंधार आहे. भात झालाय, आमटी झालीय, पान घेऊ का?"

कौतिकभाऊ चाचरत म्हणाले, "पण काकू, दक्षिण तर यमाची—"

"कौतिक!" विनायकराव खुर्चीतून असे उठले की दोन्ही घड आडवे झाले. "यमाबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत. तो कोणाचा मुलगा आहे, माहीत आहे का? सूर्याचा! सख्खा मुलगा! आता ज्याचा बाप मार्चमध्येच मावळला, त्याच्याकडे आपण जायचं नाही, तर कोण जाईल?"

आजीबाईंनी लगेच हात जोडले.

"अहो, पण केवढं ऊन आहे—" कोकिळाबाई कपाळावर आडवा हात धरून म्हणाल्या.

"ते बुऱ्हाणपूरचं आहे," विनायकराव म्हणाले. "त्याचा इथं काय संबंध?"

आणि टळटळीत उन्हात, डोळे उघडवत नव्हते अशा उजेडात, तुळशीपाशी दिवा लागला. ज्योत दिसतच नव्हती, सगळ्यांनी अंदाजानं नमस्कार केला. भजनी मंडळानं सांजआरती म्हटली. शेवटच्या ओळीला विनायकराव पाटावर होतेसुद्धा.

"उषा," शोभाताई फोनमध्ये म्हणाल्या, "दक्षिण. पक्कं. डिसेंबर."

माणसं पांगली. कौतिकभाऊ सतरंजी झटकून, जरा खट्टू होऊन, पण केळीचा एक घड खांद्यावर टाकून गेले. विनायकराव चौथ्यांदा भात मागत होते आणि शोभाताई पळीनं आमटी वाढताना चक्क गुणगुणत होत्या. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्या टेकल्या होत्या. अंटार्क्टिका! पायाखाली जमीन!

कोकिळाबाई मात्र अजून उंबऱ्यातच होत्या. त्यांचं काहीतरी मोजणं चाललं होतं, बोटांच्या पेरांवर.

"शोभाताई, डिसेंबर म्हणजे मार्गशीर्षच की हो. तुमचे महालक्ष्मीचे गुरुवार ना त्यात? लग्न झाल्यापासून एक चुकला नाही तुमचा. संध्याकाळी पूजा झाल्याबिगर तुम्ही तर पाणी पण घेत नाही!"

पळी हवेतच थांबली. गुणगुणणंही.

विनायकरावांनी तोंडातला घास सावकाश, अगदी चवीनं संपवला. पाण्याचा एक घोट घेतला. मग भरल्या पोटाच्या माणसाला शोभेल अशा मायेनं ते म्हणाले, "कोकिळाबाई, सुनेला जरा मोबाइल घेऊन बोलवा. म्हणावं, डिसेंबरात तिकडं दिवेलागणीला किती वाजतात, एकदा बघून ठेव."

शोभाताई भूगोलाच्या बाई होत्या. त्यांना मोबाइलची गरज नव्हती.