अंतरपाटापलीकडून निदान

खोकला चौथ्या आठवड्यात शिरला, तेव्हा विद्युल्लताबाईंनी काढ्याचं पातेलं बदलून मोठं घेतलं. देवासच्या त्या घरात आता चहापेक्षा काढाच जास्त उकळत होता. अडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ, मिरे आणि शेजारणीनं सांगितलेलं आणखी काहीतरी हिरवं. भास्करराव नाक दाबून घोट घेत, पेला खाली ठेवत आणि पुन्हा खोकायला लागत. ताप नाही, कफ नाही. नुसती घशात खवखव आणि खो खो.

"अहो, असंच चाललं तर चिऊच्या लग्नात मंगलाष्टकं कोण म्हणणार?"

"मीच म्ह... खो खो खो... णणार!"

चिऊ ही त्यांची धारची भाची. ती पाच वर्षांची असताना मामानं तिला शब्द दिला होता, की तुझी मंगलाष्टकं मीच रचणार आणि मीच म्हणणार. देवास-धारच्या मराठी मंडळींत भास्कररावांचा आवाज हुकमी. दुसरा आवाज मोरोपंतांचा, पण तो नाकातून यायचा. मोरोपंत हल्ली रोज फोन करून "कसा आहे घसा?" विचारत होते, आणि ती चौकशी भास्कररावांना काढ्याहून कडू लागत होती.

आता खरी गोष्ट मलाच सांगायला हवी, कारण भास्करराव ती मेले तरी सांगणार नव्हते. दीड महिन्यापूर्वी ऑफिसात त्यांना गरगरलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं बीपी मोजलं, रोजची एक गोळी लिहून दिली आणि मीठ, फरसाण कमी करा म्हणाला. गोळीचं ठीक हो, पण फरसाण? सकाळी पोह्यांवर शेव, दुपारी वरणात शेव, रात्री शेवेचीच भाजी, असा हा माणूस. शेजारच्या उदाजीरावांना बीपी निघालं, तेव्हा विद्युल्लताबाईंनीच त्यांच्या बायकोला पथ्य समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून त्या घरात लोणच्याची बरणी कुलपात, आणि उदाजीराव संध्याकाळी इकडे येऊन उभ्या उभ्या मूठभर शेव खाऊन जायचे. असलं जिणं आपल्या वाट्याला नको, म्हणून भास्कररावांनी गोळ्या हिंगाष्टकाच्या बाटलीत दडवल्या आणि रोज एक गुपचूप घेऊ लागले.

शेवटी विद्युल्लताबाईंनी त्यांना घशाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं घसा पाहिला, छाती तपासली, एक्स-रे काढला. सगळं साफ.

"और कोई दवाई चल रही है?"

भास्कररावांनी बायकोकडे पाहिलं. बायको त्यांच्याकडेच पाहत होती.

"हिंगाष्टक," ते म्हणाले.

"फिर तो धूल की एलर्जी होगी. और तला हुआ बंद."

झालं! घरातले पडदे उतरले, गाद्या उन्हात गेल्या आणि शेवेचा डबा थेट कामवाल्या बाईकडे गेला. ज्या शेवेसाठी एवढा खटाटोप केला, तीच गेली. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच.

लग्नाच्या दिवशी धारच्या कार्यालयात भास्करराव जिभेखाली लवंग धरून माइकसमोर उभे राहिले. पहिल्या रांगेत मोरोपंत, हातात घडी केलेला कागद. अंतरपाट धरला गेला. एका बाजूला चिऊ, दुसऱ्या बाजूला नवरदेव पीयूष, कुक्षीच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर.

पहिलं कडवं अर्ध्यावर आलं आणि खोकला आला. भास्करराव थांबले, तर भुकेल्या पाहुण्यांना वाटलं कडवं संपलं. अक्षता पडल्या. दुसऱ्या कडव्यात तेच. तिसऱ्या खोकल्याला बाहेरच्या बँडवाल्यांनी लग्न लागलं असं समजून बँडच सुरू केला.

"बंद करो भिया, बंद करो! अभी नहीं लगा!" कुणीतरी पळत बाहेर गेलं.

मोरोपंत उठले. "भास्करराव, द्या इकडे माइक. जिद्द कशाला?"

"नई हं!" चिऊ रडवेल्या आवाजात ओरडली. "मामाच म्हणेल!"

भास्कररावांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात अंतरपाटापलीकडून नवरदेवाचा आवाज आला. माइक जवळच होता, त्यामुळे तो साऱ्या कार्यालयाला ऐकू आला.

"मामा, तुम्ही बीपीची गोळी घेता का?"

भास्कररावांनी जिभेखालची लवंग गालात सरकवली.

"छे! मी कशाला... खो खो..."

"कोरडा खोकला, घशात खाज, कफ बिलकुल नाही. सही सही सांगा."

"मामा, सांगून टाक ना!" चिऊ म्हणाली. "मुहूर्त निघून चालला!"

भास्कररावांनी डोळे मिटून घेतले. "घेतो. दोन महिने होत आले."

"मग तीच असणार. काही लोकांना त्या गोळीनं असा खोकला लागतो. पण मनानं बंद नका करू, तुमच्या डॉक्टरला सांगून बदलून घ्या. दोन-चार हफ्त्यांत आराम पडेल."

चिऊच्या मागे उभ्या असलेल्या विद्युल्लताबाईंच्या अक्षता मुठीतच राहिल्या. त्यांनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की उरलेली कडवी भास्कररावांनी छताकडे बघून म्हटली. खोकला येतच होता, पण आता लोक शहाण्यासारखे थांबत होते. चिऊ अंतरपाटाआड खुदुखुदु हसत होती. मामाचा शब्द राहिला.

मग स्टेजवर आहेर बाजूला राहिला आणि नवरदेवाभोवती काका-मामांचा घोळका जमला. मोरोपंत तर कानाशी लागून म्हणाले, "आमचा एक मित्र आहे हो, त्याला पण अशीच खवखव होते."

भास्करराव बायकोची माफी मागायला तिला शोधत फिरले. ती स्टेजच्या मागे सापडली, पीयूषला गाठून हळूच विचारताना.

"जावईबापू, माझी गोळी पिवळी आहे. तिनं नाही ना असा खोकला होत?"

"मामी, तुम्हाला पण बीपी?"

"हळू बोला! यांना माहीत नाही. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं!" भास्करराव पुढे आले. पीयूषनं काढता पाय घेतला. "अगं, दोन वर्षं, आणि मला एका शब्दानं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझं लोणचं बंद केलं असतं," विद्युल्लताबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "आणि घाबरून गेला असता."

"मी तर घाबरलोच होतो गं. एकटाच."

विद्युल्लताबाईंनी त्यांचा हात धरला आणि सरळ पंगतीत नेऊन बसवलं.

पानं मांडून झाली. वाढपी मीठ घेऊन आला, तसे दोघांनी एकदमच पानावर हात आडवे धरले.

"नको."

त्याच्या मागून दुसरा आला, कैरीच्या लोणच्याचं भांडं घेऊन. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. विद्युल्लताबाईंनी आधी हात काढला.

"उद्यापासून," त्या म्हणाल्या.

"हो, उद्यापासून," भास्करराव म्हणाले आणि वाढप्याकडे वळले. "भिया, शेव आहे का?"