एक तक्रार हवी आहे

आजीला नातीचं एक वागणं अजिबात पसंत नव्हतं. पोरगी चुकतच नव्हती!

इतर घरांतली पोरं दूध उतू घालवतात, किल्ल्या हरवतात, नको त्याच्या प्रेमात पडतात. ही आपली वेळेवर आजीच्या दुकानात हजर. चादरीच्या घड्या अशा की कडेनं बोट कापावं. रागवायला म्हणून जागा नाही. आजीसारख्या बाईला रागवायला जागा न ठेवणं म्हणजे पैलवानाला खुर्चीत बसवून ठेवण्यासारखंच.

नात विद्यापीठात ऑनर्सला होती. म्हणजे हुशारांतून पुन्हा चाळून काढलेली हुशार. तिथला नियम असा की निम्मं पुस्तकातून शिकायचं आणि निम्मं खऱ्या कामातून. खरं काम म्हणून तिनं आजीची लाँड्री निवडली. आजीची स्वतःची शाळा दुसरीच्या अर्ध्यात थांबलेली. उरलेल्या अर्ध्याला बाईंनीच हात जोडले. तेव्हा विद्यापीठ आपल्याकडे शिकायला येतंय म्हटल्यावर ती आठवडाभर मान ताठ करून इस्त्री फिरवत होती.

आणि एक दिवस नात तोंड पाडून आली.

"आजी, मॅडमनी माझा अहवाल परत केला."

"का? अक्षर वाईट?"

"सगळं नीट झालं असं मी लिहिलंय म्हणून. त्या म्हणतात, सगळं नीटच झालं तर तू शिकलीस काय? काहीतरी बिघडायला हवं, गिऱ्हाइकानं तक्रार करायला हवी, ती मी सोडवायला हवी. शुक्रवारी त्या बघायला येणार आहेत. नाही जमलं तर ऑनर्समधून नाव कमी."

"माझ्या दुकानात तक्रार? अगं, इथे झुरळसुद्धा विचारून आत येतं!"

नातीचे डोळे भरले. आजीनं इस्त्री उभी केली.

"रडू नकोस. बिघडवायचंच ना? बिघडवू. मी हातात घेतलेलं काम नीटच होतं."

आता आजी गिऱ्हाइकांची नावं लिहायच्या भानगडीत कधी पडली नव्हती. प्रत्येकाच्या कपड्याला आतून एका रंगाचा टाका. पिवळा सलूनवाल्याचा, हिरवा दातांच्या डॉक्टरांचा, लाल टॅक्सीवाल्याचा. तिनं पिवळा उसवून तिथे हिरवा घातला, हिरव्याच्या जागी पिवळा. सलूनवाला त्याच्याच कंगव्याइतका बारीक, डॉक्टर कपाटाएवढे. तक्रार ठरलेली!

दुसऱ्या दिवशी सलूनवाला आला. शर्टात तो होता, एवढंच म्हणता येईल.

"काय, कसा झालाय शर्ट?" आजीनं आशेनं विचारलं.

"झकास, आजी!"

"सैल नाही होत?"

"छे! हवा खेळती राहते."

मागोमाग डॉक्टर आले. दोन्ही हात पेंग्विनसारखे बाजूला. खाली येतच नव्हते.

"घट्ट होतोय का हो?"

"अजिबात नाही. बटणं उडाली तीन, पण ती बटणांचीच चूक. मी त्यांना ओळखून होतो."

आजीनं कंबर कसली. टॅक्सीवाल्याच्या रुमालांना भाताच्या पेजेची कडक खळ घातली. त्यानं पहिलाच रुमाल नाकाला लावला आणि नाक सोलून निघालं. तरी वाकून म्हणाला, "आजी, असा टिकाऊ रुमाल आजवर पाहिला नाही!"

"एकजण तक्रार करेल तर शपथ! तोंडं शिवलीत का यांची?" आजी कडाडली.

"घाबरतात तुला," नात हळूच म्हणाली.

"मला? मी काय खाते कुणाला?"

हे तिनं अशा आवाजात विचारलं की काउंटरवर आलेला एक नवा माणूस आपलं गाठोडं उचलून परत गेला.

शुक्रवारी मॅडम आल्या. आजीनं तिघांना आधीच बोलावून बाकावर बसवलं होतं. शर्टातला सलूनवाला, शर्टाबाहेर येऊ घातलेले डॉक्टर आणि लाल नाकाचा टॅक्सीवाला.

"हं, करा तक्रार!" आजीनं हुकूम सोडला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा सापळा आहे, हे तिघांनाही एकदम कळलं.

"कसली तक्रार, आजी? सगळं उत्तम!"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. नातीचा चेहरा पांढरा पडला. मग ती जे बोलली ते त्या दुकानात आजवर कुणी बोललं नव्हतं.

"आजी, तू जरा बाहेर जा."

बाकावरचे तिघे श्वास घ्यायचे थांबले. आजीनं तोंड उघडलं. नातीकडे पाहिलं. मिटलं. आणि मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींच्या आड जाऊन उभी राहिली.

इकडे आत धरण फुटलं!

"माझा लग्नाचा कोट धुवायला दिला होता," डॉक्टर म्हणाले, "तो बारशाला मिळाला!"

"हे शर्टाचं सोडा," सलूनवाला ओरडला, "पँटसुद्धा वर्षभर दुसऱ्याचीच घालतोय! कुणाची ते विचारायची छाती नाही!"

"आणि बोलणी!" टॅक्सीवाल्यानं बाकावर हात आपटला. "कपडे मळवलेच कसे म्हणून रागावतात. मळलेत म्हणूनच आणतो ना आम्ही!"

चादरीआड आजीच्या कानशिलांवर इस्त्री फिरत होती. पुढे मात्र नातीचा आवाज आला. सावकाश, एकेकाची माफी मागत. कुठला कपडा कुणाकडे गेलाय ते विचारत, परत द्यायचा वार सांगत. दुकानात पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं, "बरं वाटलं बाई, बोलून."

आजी आत आली. तिघेही ताडकन उभे राहिले.

"सगळं उत्तम, आजी!"

मॅडमचा चेहरा मात्र खुलला होता. "तुमची नात ऑनर्समध्ये राहिली. आणि आजी, पुढच्या वर्षी सगळ्या वर्गाला इथेच पाठवते. इतक्या तक्रारी एका ठिकाणी कुठे मिळायच्या!"

सगळे गेल्यावर नात भीतभीत जवळ आली. "आजी... रागावलीस?"

आजीनं तिला खालून वर न्याहाळलं. मग चुकीचा टाका उसवायला गठ्ठ्यातला सलूनवाल्याचा दुसरा शर्ट पुढ्यात ओढला.

"मला माझ्याच दुकानातून बाहेर काढलंस. केलीस बाई, आयुष्यात एकदा तरी चूक केलीस! आणि तीसुद्धा मेली नीटच!"