चार मिलिमीटरची खुर्ची

सकाळी साडेसातला चहाची पावडर काढायला क्युरेटरबाईंनी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं आणि कपाटाचं दार नेहमीप्रमाणे त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते भिंतीला टेकवलं, पावडर काढली, दार परत बिजागरीत अडकवलं आणि बाहेर पेपरात बुडालेल्या नवऱ्याला रोजचाच प्रश्न विचारला.

"दाराचं काय?"

"उद्या बघतो," पेपराच्या आडून उत्तर आलं.

हा उद्या गेली सहा वर्षं यायचा होता. एरवी बाईंनी यावर चार शब्द सुनावले असते, पण आज त्या नुसत्या हसल्या. संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या पहिल्यावहिल्या स्वतंत्र प्रदर्शनाचं उद्घाटन होतं आणि त्या प्रदर्शनाची कल्पना त्यांना याच दारावरून सुचली होती.

आधुनिक कलेच्या संग्रहालयात बाईंना अकरा वर्षं झाली होती. ती सगळी तळघरातल्या गोदामात, खोक्यांवर नंबर टाकण्यात गेली. सूनबाई काय करतात असं कोणी विचारलं, की सासूबाई कौतुकाने सांगत, "चित्रं टांगते." तेही खरं नव्हतं. चित्रं टांगायचे ते सुतारकाका. मागच्या वर्षी संचालकांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी बाईंना वर बोलावून एक दालन दिलं आणि वर प्रेमळ आवाजात सांगितलं, "जमलं तर पुढचं वर्ष तुमचं. नाही जमलं, तर खोकी तुमची वाट बघतच आहेत."

बाईंनी विषय निवडला, घरात राहून गेलेल्या गोष्टी. अर्धवट विणलेले स्वेटर, न पाठवलेली पत्रं, रंगाचा एकच हात देऊन सोडलेली खिडकी. मधोमध मुख्य मान एका खुर्चीला. ती पाठवली होती सत्तरी ओलांडलेल्या एका शिल्पकार आजींनी. साधी लाकडी खुर्ची, मागचा डावा पाय चार मिलिमीटरने आखूड. आजींचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. अख्ख्या गल्लीची घड्याळं वेळेवर चालवणारा हा माणूस घरच्या खुर्चीबद्दल मात्र मरेपर्यंत "उद्या बघतो" म्हणत राहिला. खुर्चीवर बसायला परवानगी होती, किंबहुना बसायचंच होतं. बसलं की ती टकटक हलायची, आणि त्या हलण्यातच सगळं होतं. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, "उद्या बघतो. लाकूड, एक माणूस, एकवीस वर्षं."

नऊ वाजता बाई हातात स्थिती अहवाल घेऊन दालनात शिरल्या. स्थिती अहवाल म्हणजे वस्तूच्या तब्येतीचा कागद. ती आली तेव्हा कुठे ओरखडा होता, कुठे टवका उडाला होता, सगळं त्यात फोटोसकट असतं. खुर्चीपाशी येऊन त्यांनी वाचलं, "मागचा डावा पाय, जमिनीपासून चार मि.मी. वर." मग खाली वाकून पाहिलं. पाय जमिनीवर होता. त्यांनी चष्मा पुसला. पाय तरीही जमिनीवरच होता. शेवटी त्या खुर्चीवर बसल्या आणि डावीकडे रेलल्या, उजवीकडे रेलल्या, चक्क उड्या मारल्या. खुर्ची ढिम्म हलली नाही.

असं काम या इमारतीत एकच माणूस करू शकत होता.

"सुतारकाका!"

काका आले ते खुशीतच. "दिसलं का मॅडम? म्हटलं होतं, सांगायचं नाही, बघू त्यांना समजतंय का. काल जाताना पाटी लावली आणि जरा टेकलो, तर ही लंगडत होती. एवढं मोठं तुमचं प्रदर्शन, उद्या कोणी म्हातारं माणूस पडलं तर? जुन्याच लाकडाची चकती काढली, सरस लावला, वरून पॉलिश. सांधा शोधून दाखवा."

बाईंनी सांधा शोधला. सापडला नाही.

"काका, तुम्ही पाटी लावलीत ना? ती वाचली नाहीत?"

"पाटी सरळ आहे का तेवढं मी बघतो. वाचायचं काम लोकांचं."

बाईंनी पाटी त्यांना वाचून दाखवली, अर्थ सांगितला, आजींची गोष्ट सांगितली. काकांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे बिघडलेली होती म्हणून आणली होती?"

"हो."

"आणि मी ती बिघडवली, नीट करून?"

"हो काका."

बाईंना रागवायचं होतं, पण जमेना. गोदामाची फरशी गार लागते म्हणून याच माणसाने पहिल्याच महिन्यात, न सांगता, त्यांच्या टेबलाखाली पायांना पाट करून ठेवला होता. अकरा वर्षं त्यांचे पाय त्या पाटावर होते. न सांगता नीट करायची खोड तेव्हा गोड लागली होती, मग आज एकदम कडू कशी म्हणायची?

"काढू का चकती?" काकांनी खिशातून पटाशी काढली. "दोन मिनिटांत मोकळी करतो."

"खबरदार!" दारातून आवाज आला. जतन विभागातल्या बाई आल्या होत्या. त्या सदैव गळ्यात भिंग घालून फिरत, म्हणून सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. "नोंद झालेल्या वस्तूला हत्यार लावायचं तर कलाकाराची लेखी परवानगी लागते."

"पण काल हत्यार लागलंच आहे ना!" क्युरेटरबाई म्हणाल्या.

भिंगबाईंनी खुर्चीचा पाय भिंगातून पाहिला, मान डोलावली. "काम फार सुंदर झालंय. ते विनापरवानगी झालं, हे चूकच. पण झालं ते आता वस्तूच्या इतिहासात गेलं. ते काढायचं तर फॉर्म भरा, समिती बसेल, पंधरा दिवसांत कळवू."

"उद्घाटन पाचला आहे!"

"म्हणून सांगते, हात लावू नका," असं म्हणून भिंगबाई गेल्या.

काकांनी वाकून पायाखालची फरशी चाचपली. मग काकांचे डोळे चमकले.

"मॅडम, खुर्चीला हात लावायचा नाही. जमिनीला लावला तर?"

बेत झकास होता. खुर्चीखाली एक पातळ फळी टाकायची, जमिनीच्याच रंगाची, आणि मागच्या डाव्या पायाखाली तिला चार मिलिमीटरची खाच पाडायची. खुर्चीला धक्का नाही, फॉर्म नाही, समिती नाही. काका तासाभरात फळी घेऊन आले. खुर्ची ठेवली. बाई बसल्या. खुर्ची ढिम्म.

"खाच कुठाय?"

"आहे की. पण कडा जरा उंचसखल वाटल्या, म्हणून रंधा मारला, मग खाचच उरली नाही," काका ओशाळून म्हणाले. "हात ऐकत नाही हो. चाळीस वर्षं नीट करायची सवय. मुद्दाम वाकडं करायला गेलो की तो आपला सरळच जातो."

दुसरी फळी हलली, पण पुढच्या बाजूला. तिसरी इतकी हलली की बाई त्या अर्धवट रंगवलेल्या खिडकीपर्यंत जाऊन पोचल्या. चौथ्या वेळी बाईंनी काकांना डोळे मिटायला सांगितलं, त्यांचा हात धरला आणि दोघांनी मिळून पटाशी चालवली. दुपारी तीनला खुर्ची अगदी अहवालात लिहिल्याप्रमाणे, मागे डावीकडे, चार मिलिमीटर, टकटक हलू लागली. काकांनी तोंड फिरवलं. स्वतःच्या हातून असं काही झालेलं त्यांना बघवत नव्हतं.

"उपकार झाले काका," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात संचालक आले. सोबत कोणी नव्हतं, म्हणजे पाहणीच होती. त्यांनी स्वेटर पाहिले, पत्रं पाहिली, "वा, वा" म्हणाले आणि दमून खुर्चीवर बसले. खुर्ची हलली. संचालक दचकून उठले.

"हे काय? मुख्य वस्तू अशी डुगडुगते? कोणी पडलं म्हणजे? सुतार कुठाय? ताबडतोब नीट करा ही!"

"साहेब, ती पाटी..." बाईंनी सुरुवात केली.

"पाटी छान आहे, सरळ आहे. आधी खुर्ची बघा!"

बाई काही बोलायच्या आत काकांनी खुर्ची उचलली, फळी ओढून काढली आणि खुर्ची परत ठेवली. दिवसभरात त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शांती दिसली. "झालं साहेब."

संचालक बसले, हलून पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "याला म्हणतात काम." आणि नेमक्या त्याच वेळी, दीड तास आधीच, काठी टेकत शिल्पकार आजी दालनात आल्या.

"मला गर्दी नको होती," त्या म्हणाल्या. "एकटीने एकदा बसून घेते. उठता का जरा?"

संचालक उठले. आजींनी काठी बाजूला ठेवली, हळूच खुर्चीवर बसल्या, डोळे मिटले आणि डावीकडे रेलल्या. वाट पाहिली. पुन्हा रेलल्या. त्यांनी डोळे उघडले तेव्हा बाईंना वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. खोकी, नंबर, गार फरशी, सगळं डोळ्यांपुढे आलं.

"आजी, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "दालनाची जबाबदारी माझी होती."

"त्यांची कसली?" काका पुढे झाले. "मी केलं. लंगडत होती, बघवलं नाही. पाटी मी वाचली नव्हती."

संचालकांनी आता पाटी वाचली आणि त्यांचा रंग उडाला.

आजींनी काकांकडे पाहिलं. "किती वेळ लागला?"

"सुकायला रात्र गेली. काम म्हणाल तर दहा मिनिटं."

"दहा?"

"पॉलिश धरून."

आजींच्या तोंडातून बारीकसा आवाज आला. सगळ्यांना वाटलं, रडतायत. मग खांदे हलले, आणि म्हातारी अशी काही हसत सुटली की काठी घरंगळून पार भिंतीला जाऊन लागली. "दहा मिनिटं! अरे माझ्या देवा, एकवीस वर्षं मी त्या माणसाशी भांडले, आणि काम दहा मिनिटांचं!" हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"तो गेल्यावर मला ही कुणा सुताराला दाखवायचा धीर झाला नाही," त्या जरा वेळाने म्हणाल्या. "नीट केली तर त्याचं राहिलेलं शेवटचं कामही संपेल असं वाटायचं. बरं झालं तुम्ही मला विचारलं नाहीत. मी नाहीच म्हटलं असतं." मग काकांचा खरखरीत हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "आज पाठ टेकून बसले हो या खुर्चीवर. पहिल्यांदा."

पाचला उद्घाटन झालं. पाटी बदलली होती आणि अर्थातच एकदम सरळ लावली होती. "उद्या बघतो. लाकूड, दोन माणसं, एकवीस वर्षं आणि दहा मिनिटं." लोक पाटी वाचत, खुर्चीवर बसत आणि उठताना घरी कोणाला तरी फोन करत. संचालक प्रत्येकाला सांगत होते, की दुरुस्तीचा निर्णय ऐनवेळी त्यांनीच घेतला. पुढचं वर्ष बाईंचं झालं. बाईंच्या नवऱ्याने पाटी दोनदा वाचली आणि मग तो खुर्चीवर बराच वेळ बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वयंपाकघरात आल्या तेव्हा तो घामाघूम होऊन, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन कपाटापुढे उभा होता.

"झालं!" तो म्हणाला. "बघ, आता हातात येणार नाही."

बाईंनी दार ओढलं. ते हातात आलं नाही. उघडलंही नाही. दोघांनी मिळून ओढलं, नवऱ्याने भिंतीला पाय लावून ओढलं, दार जागचं हललं नाही. चहाची पावडर आत होती.

नवऱ्याचा चेहरा पडला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. केसांत भुसा, बोटाला चिरा, आणि हा असा, धडधाकट, त्यांच्या स्वयंपाकघरात उभा. त्यांना एकदम भरून आलं. त्यांनी त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि ओट्यावर ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "उद्या बघू. चल, चहा बाहेर पिऊ."