एकटेपणाचं चित्रीकरण

निवृत्त मुद्रितशोधक आजोबांनी एका पत्राचं उत्तर दिलं नाही. त्यांच्या हातून एवढंच घडलं. पत्र माहितीपट काढणाऱ्या एका दिग्दर्शकाचं होतं. विषय ‘आपल्या घरातले ज्येष्ठ’. मुदतीत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरण्यात येईल, असं खाली छापलं होतं. आजोबांनी दोनतीनदा नकार लिहिला; दर वेळी तो उद्धट वाटला म्हणून फाडला. तेवढ्यात मुदत संपली आणि कॅमेरा घरात आला.

घरात मुलगा, सून, नात आणि अखंड वादावादी होती.

“एवढी माणसं नकोत,” दिग्दर्शक म्हणाला. “विषय झाकला जातो.”

सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवून दार ओढून घेतलं. जादा खुर्च्या जिन्यात ठेवल्या. आजोबांना खिडकीशी बसवून त्यानं विचारलं, “मुलगा विचारपूस करतो?”

आजोबा पडले भिडस्त. ते मनात वाक्य जुळवत होते, तोच आतून सूनबाई ओरडल्या, “बाबा, आणखी चहा टाकू का?”

“नको गं,” आजोबा म्हणाले. “आता काही नको मला.”

पडद्यावर सूनबाईंची हाक गळली. ‘नको गं’सुद्धा गळलं. उरला प्रश्न, मग लांबलचक शांतता, रिकामी खोली, आणि “आता काही नको मला.” खाली व्हायोलिन.

माहितीपट पाहून प्रेक्षक गहिवरले. भिंतीपलीकडच्या शेजारीणबाई सूनबाईंशी बोलेनाशा झाल्या.

“अहो मावशी, परवाच नाही का तुम्ही ओरडलात, सासरा-सून जरा हळू हसा म्हणून?”

“ते नुसतं कानांनी ऐकलं होतं गं. हे डोळ्यांनी पाहिलं.”

मुलानं तर आजोबांच्या शेजारी बसूनच माहितीपट पाहिला. शेवटी हुंदका देत म्हणाला, “बाबा, तुम्ही इतके एकटे आहात, मला सांगायचं तरी!”

“अरे, तू माझ्या चादरीवर बसला आहेस.”

“बघा! अजूनही लपवताय.”

प्रेक्षकांच्या मागणीवरून ज्येष्ठ कल्याण विभाग हलला. अधिकाऱ्यानं घराची पाहणी केली. त्याला तिथे बरीच माणसं आढळली, म्हणून त्यानं शेरा मारला: ‘एकाकीपणा गर्दीआड दडवण्यात आला आहे.’ त्यानुसार आजोबांना ‘सोबती केंद्रा’त हलवण्यात आलं. तिथे प्रत्येकाला स्वतंत्र खोली होती. कुटुंबीयांना भेटीची मनाई होती, कारण विभागाच्या मते एकाकीपणाचा उगम तिथेच होता.

“मला घरी जायचंय हो,” आजोबा म्हणाले.

“आदेश प्रेक्षकांच्या मागणीवरून निघालाय,” अधिकारी नम्रपणे म्हणाला. “रद्दही त्यांच्याच मागणीवरून होईल. लोकभावनेच्या मध्ये आम्ही कोण पडणार?”

यथावकाश दिग्दर्शक दुसरा भाग काढायला आला. आजोबा आता खरोखर एकटे होते. त्यांनी भीड सोडून सगळं सांगितलं. दिवसचे दिवस कुणाशी बोलणं होत नाही, सूनबाईंचा ओरडा आठवतो, नातीची धडाधड पावलं आठवतात.

दिग्दर्शकानं मान हलवली. “राग मानू नका आजोबा, पण मागच्या वेळी जास्त खरं वाटलं होतं.”

“मग मी घरी जाऊ कसा?”

“असं करा, माझ्या पत्राचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. ते आता लिहा आणि टपालानं पाठवा. पडद्यावर दाखवतो. हातानं लिहिलेलं पाहिलं की प्रेक्षक लगेच विरघळतात.”

आजोबांनी लिहिलं: ‘महाशय, माझी संमती नव्हती. मी एकटा नव्हतो. माझी सून चांगली आहे, फक्त मोठ्यानं बोलते. मला घरी पाठवा.’

त्यांनी वाचून पाहिलं. एकही चूक नव्हती. जन्मभर त्यांनी असाच स्वच्छ मजकूर पुढे पाठवला होता. पण इतक्या सरळ मजकुराकडे कोण पाहणार? बराच वेळ ते स्वतःशीच लाजत बसले. मग पाण्याच्या पेल्यात बोट बुडवून त्यांनी ‘घरी’ या शब्दावर एक थेंब पाडला. शाई पसरली. शब्द धड वाचता येईना. आता तो नक्की दिसणार होता.

आजोबांनी पाकीट चिकटवलं आणि टपालपेटीत टाकलं.

तो थेंब पाण्याचा होता, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तरी क्षणभर वाईट वाटलंच ना?