नमुना कुटुंब

मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. दुकानदाराचं वजन किंचित हलकं भरलं तरी ते जप्त करायचं, कापडवाल्याची मीटरपट्टी झिजून आखूड झाली असेल तर त्याच्यावर खटला भरायचा, हे माझं काम. माझी नजर खात्यात प्रसिद्ध आहे. मी बाजारात शिरलो की तराजू आपोआप सरळ होतात असं आमचे साहेब म्हणतात, आणि साहेब सहसा कुणाबद्दल चांगलं बोलत नाहीत. हे आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढे जे घडलं ते कुणा भोळ्याभाबड्या माणसाच्या बाबतीत घडलं असा समज व्हायला नको.

घर घ्यायचं ठरलं ते अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर बस चालवली, आणि उंची अशी की कुठल्याही दारातून वाकल्याशिवाय आत येता येत नाही. आमच्या भाड्याच्या जागेत ते चपलांच्या कपाटाशेजारी घडीच्या खाटेवर झोपायचे आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्या पायांना अडखळायचा. ते कधी कुरकुरले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "मरायच्या आधी एकदा पाय लांब करून झोपायचंय रे. मेल्यावर काय, सगळेच झोपतात." बायकोने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती वर्तमानपत्रातल्या घरांच्या जाहिराती कापून ठेवायला लागली.

शहराच्या कडेला एक उपनगर वाढत होतं. वाढत होतं म्हणजे तिथले फलक वाढत होते. 'शाळा पाच मिनिटांवर' असं एका फलकावर लिहिलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं, कारण शाळेचा फलक खरोखरच पाच मिनिटांवर होता. या फलकांच्या गर्दीत 'ऐसपैस' नावाचा गृहप्रकल्प व्हायचा होता. इमारतीच्या जागी खड्डा होता, खड्ड्यात पाणी होतं, आणि खड्ड्याच्या काठावर पत्र्याच्या भल्यामोठ्या शेडमध्ये नमुना फ्लॅट होता.

तो बघून आम्ही गारच झालो. हॉल मोकळाढाकळा, स्वयंपाकघर लख्ख. अण्णांच्या खोलीत पलंग, कपाट आणि आरामखुर्ची ठेवूनही फिरायला जागा. खिडकीबाहेर तलाव, तलावापलीकडे झाडं. विक्रीवाल्या मॅडमनी विचारलं, "सर, आपण कुठे असता?" मी खातं सांगितलं. "मग तुम्हाला मी काय सांगणार?" त्या म्हणाल्या. "तुमच्या तर डोळ्यांतच टेप असेल." मला बरं वाटलं. माझ्या खिशात खरीखुरी टेप होती, सरकारी शिक्क्याची. पण डोळ्यांतल्या टेपचं इतकं कौतुक झाल्यावर खिशातली बाहेर काढणं प्रशस्त दिसलं नसतं. मी सगळीकडे नजर फिरवली, समाधानाने मान हलवली आणि टोकन देऊन टाकलं.

ताब्याची तारीख आली तेव्हा आम्ही घरमालकाला जागा सोडतो म्हणून कळवून बसलो होतो, आणि खड्डा होता तिथेच होता. मी मॅडमना जाब विचारला. "सर, प्रकल्प अजिबात लांबलेला नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "तारीख जरा लवकर आली." मग त्यांनी आवाज खाली आणला. "कंपनी माणुसकी जपते. तुम्ही तोवर नमुना फ्लॅटमध्ये राहा. दिवसा लोक बघायला येतील, तेवढं चालवून घ्या. तुम्ही आपलं नेहमीसारखंच राहायचं. फक्त जरा आनंदात."

सामान लावून झाल्यावर अण्णा पलंगावर आडवे झाले. गुडघ्यापर्यंतचे अण्णा पलंगावर मावले, उरलेले हवेत राहिले. मी टेप काढली. पलंग आखूड होता, कपाट इतकं उथळ की शर्ट तिरका टांगावा लागे, आणि आरामखुर्चीत बसलं की गुडघे हनुवटीला भेटायला यायचे. सगळं सामान मुद्दाम लहान करून घेतलं होतं, म्हणजे खोल्या मोठ्या वाटाव्यात. दारं तर नव्हतीच. दारं जागा खातात. नळ होता, त्याला पाणी नव्हतं. फ्रिज होता, त्याच्या आत यंत्र नव्हतं.

"तुमच्या डोळ्यांतली टेप कुठल्या दुकानातून आणली होती?" बायकोने विचारलं. मी त्या प्रश्नाची नोंद घेतली नाही.

अण्णा खिडकीशी बसले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "हा तलाव हलत कसा नाही रे?"

"वारा पडला असेल, अण्णा."

"आणि तो बगळा? आल्यापासून एका पायावर आहे."

तेवढ्यात संध्याकाळ झाली, विक्री कार्यालय बंद झालं आणि तलावामागचा दिवा विझला. तो तलाव नव्हता, तलावाचा मोठा फोटो होता. दर मंगळवारी कार्यालयाला सुट्टी असे. त्या दिवशी आमच्याकडे सूर्य उगवत नसे.

मी मॅडमना गाठलं. "पलंग आखूड आहे."

"सर, तो पलंग नाही. पलंगाचा नमुना आहे."

"आणि खोली?"

"खोलीही नमुन्याचीच. प्रत्यक्षात फरक पडू शकतो, असं खाली लिहिलेलं असतं."

"कुठे खाली?"

"जिथे मजकूर संपतो, त्याच्या खाली," मॅडम म्हणाल्या. मी स्वतः अनेक नोटिसा लिहिल्या आहेत, त्यामुळे ही जागा मला माहीत होती.

बघे येऊ लागले. बायकोने फुलदाणीतली कागदी फुलं पुन्हा पुन्हा नीट करायची आणि मी वर्तमानपत्र वाचायचं, असं कामाचं वाटप झालं. वर्तमानपत्र पूर्ण उघडलं की हॉलच्या दोन्ही भिंतींना लागायचं, म्हणून कंपनीने मला छोट्या आकाराचं साप्ताहिक लावून दिलं. सगळं सुरळीत चाललं होतं. एका रविवारी एक जोडपं आलं आणि त्यांना मान द्यायला म्हणून अण्णा उभे राहिले. त्यांचं डोकं पंख्यापाशी गेलं. बाई दचकून नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, छत इतकं खाली आहे?" आणि दोघं आल्या पावली परत गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. अण्णांनी दिवसा बसून राहावं अशी सूचना आली. बसल्यावर गुडघ्यांची अडचण झाली. मग झोपावं अशी सूचना आली. झोपल्यावर पाय दार नसलेल्या चौकटीतून हॉलमध्ये आले आणि एका गिऱ्हाइकाने त्यांना रीतसर वळसा घातला. शेवटी, विक्रीच्या वेळात अण्णांनी पाण्याच्या पंपाच्या शेडमध्ये विश्रांती घ्यावी असं ठरलं. "पण कुटुंबात वडीलधारं माणूस हवंच," मॅडम म्हणाल्या. "घराला शोभा येते." म्हणून कंपनीने एक आजोबा भाड्याने आणले.

हे आजोबा नाटकात बालभूमिका करता करता म्हातारे झालेले नट होते. आवाज फुटला, दाढी आली, केस पिकले, उंची तेवढी यायची राहून गेली. ते पलंगावर पाय पसरून झोपले की पायथ्याशी आणखी एक पाहुणा बसू शके. बघणाऱ्या बायका हळहळून म्हणायच्या, "आजोबा कसे निवांत झोपलेत. आपल्या बाबांना अशी खोली हवी." आजोबा झोपेतच हसायचे. ते कामात इतके मुरले की कार्यालय बंद झाल्यावरही मला "बाळा" म्हणायचे आणि बायकोकडे चहा मागायचे.

"परक्या म्हाताऱ्याला मी चहा करून देतेय आणि घरचा म्हातारा पंपाशेजारी पडलाय," बायको म्हणाली. "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?"

मला वाटत होतं. पण वाटून जागा मिळत नाही.

दरम्यान खड्ड्यातून इमारत वर आली आणि घोटाळा झाला. कुणा एका खरेदीदाराने बांधकामावर जाऊन खोली मोजली. ती नमुन्यापेक्षा निघाली मोठी, पण छत, कपाट, खिडकी, काहीच नमुन्याशी जुळेना. त्याने तक्रार ठोकली की नमुना एक दाखवतात आणि बांधतात भलतंच. तक्रार फिरत फिरत आमच्या खात्यात आली, आणि साहेबांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. "तू तिथेच राहतोस ना? मग प्रवासभत्ता वाचेल."

कंपनी घाबरेल असं मला वाटलं होतं. कंपनीने तक्रार शिरोधार्य मानली. मॅडम म्हणाल्या, "ग्राहकाची भावना रास्त आहे, सर. नमुना आणि घर यांत काडीचाही फरक नको." आणि पुढच्या सगळ्या खोल्या नमुन्याच्या मापाने बांधायचा हुकूम सुटला, आधी झालेल्यांत आतून दुसऱ्या भिंती उभ्या राहिल्या. छतं खाली आली, त्यामुळे इमारतीत जास्तीचे मजले बसले. खोल्या आक्रसल्या, त्यामुळे मजल्यावर जास्तीचे फ्लॅट बसले. खिडक्यांच्या जागी भिंती आल्या आणि भिंतींवर दिवा लावलेले तलाव आले. माझं काम दोन्हींची मापं जुळवून बघण्याचं होतं. मी सरकारी टेपने कानाकोपरा मोजला आणि लिहिलं: तंतोतंत. अहवालात एक अक्षर खोटं नाही. तो आता विक्री कार्यालयात काचेच्या चौकटीत लावला आहे.

फ्लॅट वाढले म्हणून नियमही बदलला. पहिल्या इमारतीचा ताबा आता दुसरी इमारत पूर्ण विकली गेल्यावर मिळणार होता, दुसरीचा तिसरी विकली गेल्यावर. मी अण्णांना हे सांगायला पंपाच्या शेडमध्ये गेलो. ते दोन पंपांच्या मधल्या फळीवर सरळ आडवे झाले होते, डोक्यापासून टाचेपर्यंत.

"तू दुकानदारांवर खटले भरतोस ते कशाबद्दल रे?" त्यांनी विचारलं.

"माप कमी दिल्याबद्दल."

"आणि हे?"

"हे कमी नाही, अण्णा. नमुन्याप्रमाणे आहे."

त्यांनी फळीवर पाय आणखी ताणले. मग म्हणाले, "माझं पाय लांब करून झोपायचं होतं, ते झालं. आता माझ्या नावावर घर घेऊ नकोस. घ्यायचं तर तुझ्या नावावर घे." मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण भाड्याची जागा सोडलेली, टोकन दिलेलं, अहवालावर सही माझी. या वयात माणसाने परत कुठे जायचं?

आणि मग परवाच्या रविवारी तुम्ही आलात.

दुसऱ्या इमारतीतला तो शेवटचा फ्लॅट होता. तुम्ही हॉल बघितलात, तुमच्या मिसेसनी फुलांना हात लावून बघितला, आणि तुमचे वडील मागून काठी टेकत आले. चौकटीत ते वाकले, हे माझ्या लक्षात आलं. तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, "तुम्ही इथे राहता म्हणून विचारतो. म्हाताऱ्या माणसाला या खोलीत नीट झोपता येतं का?" तुम्ही मनापासून विचारत होतात. असाच प्रश्न घेऊन मीही इथे आलो होतो.

"समोरच बघा की," मी म्हणालो. पलंगावर भाड्याचे आजोबा पाय पसरून घोरत होते.

"आपण काय करता?"

"वजनमाप निरीक्षक आहे."

तुमचा चेहरा उजळला. तुमच्या कोटाच्या खिशात टेप होती, तिचा फुगवटा मला दिसत होता. ती तुम्ही बाहेर काढली नाहीत. मॅडमनी तुमच्याही नजरेचं कौतुक केलं असणार.

तुमच्या टोकनामुळे आमचा ताबा पक्का झाला, त्याबद्दल आभार. पुढच्या आठवड्यात आम्ही राहायला जातोय. अण्णा यायला तयार नाहीत. शेडमध्ये पाय पुरतात म्हणतात. त्यांच्या खोलीसाठी भाड्याचे आजोबा विचारत होते. त्यांना ती अगदी मापात बसते, आणि बायकोलाही आता त्यांच्या चहाची सवय झाली आहे.

इथला नमुना फ्लॅट मात्र रिकामा होतोय. तिसरी इमारत विकायची तर तिथे कुणीतरी राहायला हवं. मॅडमनी माझ्याकडे एखादं सुशिक्षित, सुखी कुटुंब सुचवायला सांगितलं, तेव्हा मी तुमचं नाव दिलं. घरमालकाला जागा सोडतो म्हणून तुम्ही कळवलं असेलच. तारीख जरा लवकर येईल, मग मॅडमचा फोन येईल, आणि कंपनी माणुसकी जपते असं त्या सांगतील. बोलता बोलता तुमच्या वडिलांची उंची विचारतील. ती कमीच सांगा. मोजायला मीच येणार आहे.