निसर्गरम्य दौडीत धावण्यास मनाई

गेल्या वर्षीच्या हुसेनसागर तलावाकाठच्या दौडीबद्दल आयोजन समितीकडे एकच तक्रार आली होती, पण ती तीन पानी होती. चिक्कडपल्लीच्या मुकुंदरावांनी कळवलं होतं की, जाहिरातीत दौड 'निसर्गरम्य' म्हटली असली तरी धावताना आपल्याला दहाही किलोमीटरभर फक्त पुढे धावणाऱ्या गृहस्थांची पाठ दिसली. निसर्ग कुठेही आढळला नाही. समितीने लगेच 'निसर्ग उपसमिती' नेमली आणि मुकुंदरावांनाच तिचं अध्यक्षपद देऊन टाकलं. पुढचं सगळं रीतसर झालं.

रेणुकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती मलकपेठेत राहायची, एका सरकारी कचेरीत कारकून होती आणि आठ महिने रोज पहाटे रेसकोर्सच्या भिंतीकडेने धावत होती. तिला दहा किलोमीटर एका तासाच्या आत संपवायचे होते. तसं प्रमाणपत्र मिळालं की दिल्लीच्या मोठ्या दौडीत थेट प्रवेश होता. चौतीस वर्षांत तिला कुठेही थेट प्रवेश मिळाला नव्हता, त्यामुळे हा हवाच होता.

दौडीच्या सकाळी तिचे वडील शंकरराव सोबत आले. संयोजक शशिकांत, आयटीतल्या नोकरीसाठी पुण्याहून येऊन इथलेच झालेले, माइकवर नियम सांगत होते. पाच किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं. वाटेत चार 'अवलोकन बिंदू'. प्रत्येक बिंदूवर थांबून तलावासह आपला फोटो काढायचा आणि अ‍ॅपवर टाकायचा.

"चार फोटो नसतील तर आपण निसर्ग पाहिला असं धरता येणार नाही," ते म्हणाले, "आणि निसर्ग पाहिला नाही, तर दौड पूर्ण झाली असंही धरता येणार नाही."

"पण वेळ मोजणार ना सर?" रेणुकाने विचारलं.

"मोजणार तर. यंत्रच आहे त्याला. फक्त ती विचारात घ्यायची की नाही, हे फोटो पाहून ठरेल."

पहिला बिंदू सुरुवातीलाच होता. सकाळच्या धुक्यात तलाव फोटोत नीट येत नाही, असा उपसमितीचा अहवाल होता. म्हणून प्रत्येक बिंदूवर कठड्याला लागून तलावाचाच वीस फुटी फ्लेक्स लावला होता. त्यात पाणी निळंशार होतं आणि मधोमध बुद्धमूर्ती छापलेली होती. इथला फ्लेक्स नेमका तलावातल्या खऱ्या मूर्तीच्या आड आला होता. रेणुकाने कडेने वाकून मागच्या मूर्तीला हात जोडले, फ्लेक्ससमोर फोटो काढला आणि ती सुटली.

पुढच्या बिंदूंवर रांगा लागत होत्या. रांगेत घुसाघुशी झाली म्हणून टोकन निघाले. टोकनवाले रस्त्यात उभे राहिले, तेव्हा धावणारे लोक त्यांच्या फोटोंत येऊ लागले. तक्रारी वाढल्या. मुकुंदरावांनी जागच्या जागी ठराव केला: प्रत्येक बिंदूपासून दोन्ही बाजूंना सव्वासहाशे मीटर धावण्यास मनाई. नकाशावर चार वर्तुळं काढली तेव्हा ती एकमेकांना टेकली आणि सगळा रस्ता त्यांत मावला.

रांगेत थांबलं तर तास उलटणार, म्हणून रेणुका पुढचे तीन बिंदू सोडून परतीच्या वाटेला लागली होती. घड्याळात चौतीस मिनिटं झाली होती. एका हवालदाराने हात आडवा घातला.

"अम्मा, भागो नक्को. लोगां फोटो ले रहे."

"दौड है ना भाई ये?"

"हौ, दौडीच है. मगर भागने की परमिशन नै."

पण आठ महिन्यांचे पाय ठरावाला बधेनात. हवालदार दुसरीकडे वळला तशी ती त्याच्या बाजूने निसटली.

शेवटच्या रेषेवर शंकरराव एकटेच उभे होते. तिथली फीत रांग आवरायला नेली होती. रेणुका आली तेव्हा त्यांनी आपलं घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"छप्पन मिनिटं. मी बघितलो, बाई."

"काका, तुम्ही बघितलंत हे मान्यच आहे," शशिकांत आदबीने म्हणाले. "पण यांचे तीन फोटो अ‍ॅपने बघितलेले नाहीत."

"वेळ तर आहे ना तुमच्या यंत्रात?" रेणुका म्हणाली.

"आहे ना. छप्पन मिनिटं, बारा सेकंद. त्यावरूनच तर सिद्ध होतं की तुम्ही कुठे थांबला नाहीत."

तिचं नाव बाद झालं.

चारही फोटो भरणारे दोन हजार निघाले. त्यांतून विजेता लोकपसंतीने निवडायचं ठरलं आणि दिलसुखनगरचा तेजस पहिला आला. सगळे फ्लेक्स सारखेच आहेत हे त्याने ओळखलं होतं. पहिल्याच बिंदूवर चार बाजूंनी चार फोटो काढून तो इडली खायला गेला होता. शेवटच्या फोटोत तोंडावर बाटलीतलं पाणी मारलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं: 'दमलो, पण थांबलो नाही.' दिल्लीचा थेट प्रवेश त्याला मिळाला.

शंकररावांनी रेणुकाचाही एक फोटो काढून अ‍ॅपवर टाकला होता. तो तिरका होता, त्यात तिचा अर्धाच चेहरा होता. त्याला तीन लोकांनी पसंती दिली, त्यांतली एक तिची स्वतःची. तेजसच्या फोटोला अकरा हजारांनी दिली. संध्याकाळी त्या पसंती देणाऱ्यांची नावं रेणुका एकेक करून वाचत बसली. त्यांत तिच्या कचेरीतले झाडून सगळे होते, शेजारपाजारचे होते, आणि हे इथवर वाचताना तिच्यासाठी हळहळलेले तुम्हीही होतात.