पाव फेरा

गाडी सिग्नलला बंद पडली तेव्हा मास्तरांच्या नेमकी मागे शववाहिका उभी होती. हिरवा दिवा लागला, मास्तरांनी किल्ली फिरवली, इंजिन दोनदा खोकलं आणि त्याने मान टाकली. मागे भोंग्यांचा गजर सुरू झाला. शववाहिकेचा ड्रायव्हर मात्र शांतपणे उतरून खिडकीशी आला.

"होऊ द्या सावकाश," तो म्हणाला. "आमच्या माणसाला काही घाई नाही. पण त्याच्या मागचे लोक जिवंत आहेत."

शेजारी बसलेल्या सिस्टरने डोळे मिटून घेतले. सिस्टर म्हणजे मास्तरांची बायको. ती इस्पितळात नर्स होती आणि सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. एकदा चारचौघांत मास्तरांच्याही तोंडून तसंच निघालं होतं, आणि ते त्यांना बरेच दिवस महागात पडलं होतं.

घरी पोचल्यावर तिने पर्स टेबलावर आपटली.

"बास झालं. रविवारी भंगारवाल्याला बोलावतेय. त्याच्यासमोर माझा चहा संपेपर्यंत जागच्या जागी चालू राहिली तर ठेवू. नाहीतर घेऊन जाऊ दे त्याला."

"अगं, पण नाना..." मास्तर पुटपुटले.

"नानांना मी सांगेन," ती म्हणाली, पण हे बोलताना तिने दाराकडे पाहायचं टाळलं.

कारण दाराबाहेर, अंगणातल्या त्याच गाडीत, नाना जाऊन बसले होते. नाना म्हणजे सिस्टरचे वडील. जन्मभर बस चालवलेला माणूस. नजर अधू झाल्यावर लेकीने त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं, आणि एकदा गरम इंजिनावर हात भाजून घेतल्यावर बॉनेटला हात लावायचीही बंदी घातली. उरलं होतं ते एवढंच, की रोज संध्याकाळी स्टिअरिंगमागे बसायचं आणि 'बॅटरी उतरू नये म्हणून' थोडा वेळ इंजिन चालू ठेवायचं. शेजारच्या सीटवर पूर्वी त्यांची बायको बसायची आणि घरापासून घरापर्यंत 'हळू, हळू' करायची. ती गेल्याला आता बरीच वर्षं झाली होती. उभ्या गाडीतही नाना अजून हळूच चालवल्यासारखे बसत. ही गाडी गेली तर म्हाताऱ्याने संध्याकाळी बसायचं कुठे?

तेव्हा मास्तरांनी गाडी स्वतः दुरुस्त करायचं ठरवलं. ते शाळेत इतिहास शिकवत आणि मेलेल्या गोष्टींत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. फोनवर व्हिडिओ पाहून त्यांना एवढं कळलं, की गाडीत पावलोपावली सेन्सर असतात, ते इंजिनाच्या कंप्युटरकडे चहाड्या करतात, आणि एखादा खोटं बोलायला लागला की पाय न देता रेस वर-खाली होते. मास्तरांच्या स्टाफरूमचा कारभार नेमका असाच चालत असल्यामुळे त्यांना ही यंत्रणा चटकन समजली. त्यांनी हवेचा सेन्सर काढला, स्प्रे मारून पुसला, परत बसवला. गाडी सुरू केली. रेस होती तेवढीच मरतुकडी.

मग त्यांना हवेच्या झडपेपाशी एक इवलासा स्क्रू दिसला. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि तो हळूच थोडा पिळला. इंजिन लगेच गुरगुरायला लागलं, तेही एका लयीत! मास्तर छाती फुगवून आत गेले.

"सेन्सर होता," ते म्हणाले. "साफ केला." स्क्रूचा उल्लेख त्यांनी केला नाही. नुसता स्क्रू पिळला म्हटलं तर त्यात विद्वत्ता ती काय दिसणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर गाडी घेऊन कामावर गेली. दुपारी ती परतल्यावर मास्तर तीच गाडी घेऊन बाजारात गेले आणि पहिल्याच चौकात ती बंद पडली. चौकातल्या भाजीवाल्याने जमेल तितका धक्का दिला आणि जमेल तितके सल्लेही दिले.

"सकाळी कशी होती गं?" घरी येऊन मास्तरांनी विचारलं.

"सकाळी?" सिस्टर उगाच केस सारखे करत म्हणाली. "सकाळी जरा... उत्साहात होती."

मास्तरांनी संध्याकाळी पुन्हा स्क्रू पिळला. मग मात्र हा रोजचा खेळ होऊन बसला. सकाळी गाडी उधळलेली, दुपारी आडवी झालेली. शेवटी त्यांनी ती गॅरेजवाल्याकडे नेली. गॅरेजवाल्याने गाडीला बिघाड शोधायचं यंत्र लावलं. यंत्र काहीच बोललं नाही.

"म्हणजे सेन्सरच," गॅरेजवाला म्हणाला.

"पण यंत्र तर काही दाखवत नाही."

"तेच तर. चांगला सेन्सर असता तर दाखवलं नसतं का?"

या युक्तिवादापुढे मास्तरांनी हात टेकले. तापमानाचा सेन्सर बदलला गेला. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा पाठ टेकून मोकळी. गॅरेजवाल्याने आणखी एक सेन्सर बदलला आणि सांगितलं, "नवीन आहे, घरात रुळायला वेळ लागेल." मास्तरांना लग्नानंतरचे स्वतःचे दिवस आठवले आणि त्यांनी मुकाट्याने मान हलवली.

घरातही काहीतरी बिनसलं होतं. नानांची बोटं काळी दिसू लागली. विचारलं तर म्हणाले, "बुटांना पॉलिश केलं, जावईबापू." नानांकडे बूट नव्हते. सिस्टरच्या पर्समधल्या कात्रीला तेल लागलेलं होतं. "वॉर्डात होतं असं कधीकधी," ती म्हणाली. कुठल्या पेशंटमधून इंजिन ऑइल निघतं हे विचारायचं धाडस मास्तरांना झालं नाही.

रविवारी मास्तर उजाडता उजाडता उठले. भंगारवाला यायच्या आत एकदा शेवटचा स्क्रू पिळून ठेवावा म्हणून पायजम्याच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर टाकून ते चोरपावलांनी अंगणात आले. बॉनेट उघडं होतं आणि त्यात कंबरेपर्यंत कोणीतरी शिरलेलं होतं.

"चोर!" मास्तर जमेल तेवढ्या हळू आवाजात ओरडले.

आतून नाना बाहेर आले. हातात लोणी लावायची सुरी.

"नाना! तुम्ही?"

"हळू बोला! ती उठेल."

"उठलीय," मागून आवाज आला. सिस्टर दारात उभी होती, हातात कात्री. मास्तरांच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर डोकावत होता. तिघांनी एकमेकांच्या हत्यारांकडे पाहिलं.

"तुम्ही काय करताय तिथे?" सिस्टरने विचारलं.

"मी रोज स्क्रू जरा पिळतो," नाना खाली मान घालून म्हणाले. "संध्याकाळी बसलो की मला आवाज दबलेला वाटतो."

"म्हणजे मी पिळल्यावर तुम्ही परत पिळता?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही पिळता? तुम्ही तर सेन्सर साफ करता ना?"

मास्तरांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात आणखी खाली ढकलला.

"हं! म्हणून सकाळी ती विमानासारखी सुटते होय!" सिस्टर कडाडली. "परवा ब्रेकवर उभी राहिले, तरी अँब्युलन्सच्या पुढे निघून गेले मी! इस्पितळात पोचल्यावर रोज कात्रीने ढिला करते मी तो मेला स्क्रू!"

"मग मला का नाही सांगितलंस?" मास्तर कळवळले. "माझे दोन सेन्सर गेले!"

"कसं सांगणार? आल्या-गेल्याला सांगत होता, मी दुरुस्त केली, मी दुरुस्त केली. म्हटलं, कधी नव्हे ते काहीतरी जमलंय, कशाला हिरमोड करा."

मास्तरांना हे प्रेम आहे की अपमान, हे ठरवता येईना. संसारात हा प्रश्न नेहमीच पडतो, म्हणून त्यांनी तो सोडून दिला.

"पण मुळात," ते म्हणाले, "त्या शववाहिकेच्या दिवशी आपण दोघांनी स्क्रूला हातही लावला नव्हता. तेव्हा का बंद पडली?"

नाना आभाळाकडे पाहू लागले.

"नाना?"

"गाडीचा आवाज जरा जास्त येत होता," नाना म्हणाले. "मला एकदम हिच्या आईचं 'हळू, हळू' ऐकू आल्यासारखं झालं. म्हणून केला जरासा ढिला. मग ती बंद पडायला लागली, तुम्ही भंगाराचं बोलायला लागलात, म्हणून रोज थोडा थोडा पिळून भरपाई करत होतो."

सिस्टरने कात्री ओढणीला पुसली. नुसती पुसतच राहिली.

इतक्यात भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी येऊन थांबला. मग एकच धांदल. "डरकाळी हवी," नाना म्हणाले. "मध्यम बरी," मास्तर म्हणाले. "बाजूला व्हा दोघं," सिस्टर म्हणाली, "वॉर्डासारखी शांत हवी." तिने कात्रीचं टोक घातलं, स्वतःच्या मनासारखा स्क्रू फिरवला आणि बॉनेट आपटलं.

ती चहाचा कप घेऊन स्वतःच स्टिअरिंगमागे बसली. गाडी चालू झाली. कुजबुजल्यासारखा आवाज. भंगारवाला बॉनेटला कान लावून उभा राहिला. नाना श्वास रोखून उभे. मास्तर चहाच्या पातळीकडे पाहत होते. कप अर्धा झाला. सिस्टरला इतका गरम चहा इतक्या घाईने पिताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. इंजिन कुजबुजत होतं, कुजबुजत होतं, मग ते एकदा अडखळलं, दुसऱ्यांदा अडखळलं आणि गप्प झालं.

कपात चहा शिल्लक होता.

"मग?" भंगारवाला हात झटकत म्हणाला. "पडली ना बंद? दोर लावू?"

नानांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. सिस्टरने शांतपणे किल्ली उलटी फिरवली, बाहेर काढली आणि ओढणीच्या टोकाला बांधून टाकली.

"पडली नाही, मी बंद केली," ती म्हणाली. "बघून झालं ना? उगाच पेट्रोल कशाला जाळायचं?"

"अहो ताई, ती आपली आपण..."

"गाडी कोणाची? बंद कोणी केली हे मला कळणार की तुम्हाला?"

भंगारवाला तिच्या हातातल्या कात्रीकडे बघत टेम्पोत चढला. टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत सिस्टर जागची हलली नाही. मग तिने उरलेला चहा एका घोटात संपवला, खाली उतरून बॉनेट उघडलं आणि कात्री बापाच्या पुढे धरली.

"पाव फेरा," ती म्हणाली. "आणि नाना, हळू."